चाकांवरच्या घराची वीज

पहिल्यांदा ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन निघालेल्या कुटुंबाला पहिल्याच मुक्कामी एक कोडं पडतं. ट्रेलर कुठल्याही प्लगला जोडलेला नसतो, तरी छतातले दिवे लागतात, नळ सोडला की पंप घुरघुरतो आणि पाणी येतं, हीटरचा पंखाही फिरतो. पण मायक्रोवेव्ह मेलेला, भिंतीवरच्या सॉकेटात लावलेला लॅपटॉप चार्ज होत नाही आणि एअर कंडिशनर ढिम्म. मग ट्रेलरमध्ये वीज आहे की नाही?

आहेही आणि नाहीही. अमेरिकेत आणि कॅनडात मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढतात त्या ट्रेलरमध्ये विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदत असतात. पहिली १२ व्होल्टची, बॅटरीवर चालणारी, डीसी. दुसरी १२० व्होल्टची, तिथल्या कुठल्याही घरात असते तशी, एसी. ही दुसरी वीज बाहेरून एका जाड केबलमधून आत येते आणि केबल काढली की ती संपते. दिवे, पाण्याचा पंप, छतातला एक्झॉस्ट फॅन, हीटरचा पंखा आणि गॅसगळतीचा अलार्म ही पहिलीची गिऱ्हाइकं. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे सॉकेट दुसरीची. ट्रेलरमधली एखादी वस्तू बंद पडली की सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच: ही १२ ची की १२० ची? निम्मा शोध तिथेच संपतो.

काही वस्तू दोन्हीकडे पाय ठेवून असतात आणि घोटाळा बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच होतो. अनेक ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर किंवा १२० व्होल्टवर गार होतो; पण गॅसवर चालवला तरी त्याचं नियंत्रण करणारं सर्किट १२ व्होल्टवरच जगतं. हीटरचं तेच. उष्णता प्रोपेन गॅस जळून मिळते, पण ठिणगी टाकायला आणि ती गरम हवा खोलीत ढकलायला बॅटरी लागते. म्हणून गॅसच्या दोन्ही टाक्या भरलेल्या असतानाही पहाटे तीन वाजता घर थंडगार पडू शकतं. माणसं गॅस तपासत बसतात आणि दोष निघतो बॅटरीत.

ट्रेलरमध्ये विजेचे दिवे काही आज आले नाहीत. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेल्या क्लिपर या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये विजेचे दिवे होते आणि स्वतःची पाण्याची सोयही होती. तेव्हापासून आजवर उपकरणं वाढत गेली, तारा वाढत गेल्या, पण १२ व्होल्टचा आग्रह आजही आहे. त्याला चांगलं कारण आहे. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी घरी इन्व्हर्टर बसवला, त्यांना बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि तिची कुरकुर चांगली ठाऊक असते. त्या इन्व्हर्टरमध्ये बॅटरीची वीज आधी २३० व्होल्टची करून मग पंख्याला आणि ट्यूबलाइटला दिली जाते आणि त्या रूपांतरात काही वीज वाया जाते. ट्रेलरमध्ये दिवे आणि पंपच मुळी १२ व्होल्टचे बनवलेले असतात. बॅटरीतून थेट दिव्यात, मध्ये दलाल नाही.

ट्रेलरची बॅटरी बहुधा पुढच्या त्रिकोणी चौकटीवर, गॅसच्या टाक्यांमागे किंवा शेजारी, एका प्लॅस्टिकच्या पेटीत बसवलेली असते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती राहत्या खोलीबाहेर ठेवतात. ही बॅटरी मोटार सुरू करणाऱ्या बॅटरीपेक्षा वेगळ्या घडणीची हवी. मोटारीच्या बॅटरीने काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा असतो आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं असतं. ट्रेलरच्या बॅटरीने रात्रभर थोडा थोडा करंट देत राहायचा असतो. त्यासाठी जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी असते. मोटारीची बॅटरी या कामाला लावली तर काही महिन्यांत ती निकामी होते.

आता हिशेब. मला वाटतं, ट्रेलर घेणाऱ्याने छतावरच्या सोलर पॅनलचा विचार करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. बॅटरीची साठवण अँपिअर-तासांत मोजतात. नव्या ट्रेलरसोबत विक्रेते बहुधा एकच मध्यम आकाराची बॅटरी देतात, साधारण ८० अँपिअर-तासांची. म्हणजे २० तास सलग ४ अँपिअर. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हातात प्रत्यक्ष ४० अँपिअर-तास. एलईडी दिव्यांची चिंता करू नका. एक दिवा पाव अँपिअरही खात नाही. जुन्या ट्रेलरमधला तारेचा बल्ब मात्र एकटा दीड अँपिअर खातो, तेव्हा असे बल्ब बदलणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फायदा. पंपाला चार ते सात अँपिअर लागतात, पण दिवसभरात तो चालतो मिनिटांवर. खरा खादाड हीटरचा पंखा. तो सात-आठ अँपिअर ओढतो. डोंगरातल्या थंड रात्री दहा तासांपैकी तो पाच तास फिरला तर ३५ ते ४० अँपिअर-तास गेलेच. म्हणजे एका रात्रीत एक बॅटरी फस्त, आणि सकाळी फ्रिजचं सर्किटही मान टाकणार.

म्हणून जाणकार लोक गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांत वापरतात त्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतात आणि एकीचं धन दुसरीच्या ऋणाला जोडतात. दोन्ही मिळून १२ व्होल्ट आणि साधारण २२० अँपिअर-तास. त्यातले निम्मे वापरायचे. दुसरा मार्ग लिथियम आयर्न फॉस्फेटचा. ही बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, पण तिचा एक कडक नियम आहे: तिचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली असताना ती चार्ज करायची नाही. केली तर आतली रचना कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीत हे रोखणारं सर्किट असतं, तरी घेताना विचारून घ्यावं. किंमत जास्त आहे, पण जो वर्षातून पुष्कळ रात्री प्लगविना काढतो त्याला ती परवडते असं माझं मत.

लेड-ॲसिड बॅटरी किती भरलेली आहे हे साध्या मल्टिमीटरने कळतं. चार्जिंग थांबवून, सगळे दिवे बंद करून, काही तासांनी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर तिला ताबडतोब चार्जिंगला लावा. ट्रेलरच्या भिंतीवर चार छोटे दिवे असलेली जी पट्टी असते तिच्यावर भिस्त ठेवू नये. चार्जर चालू असताना ती नेहमीच पूर्ण भरल्याचं दाखवते. लिथियमच्या बाबतीत तर व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यामुळे तिथे येणारा-जाणारा करंट मोजणारा शंटवाला मीटरच हवा.

बॅटरीचं आणखी एक काम आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. चालत्या गाडीपासून ट्रेलर तुटून सुटला तर एक बारीक वायरदोर ओढला जातो, खटका पडतो आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक करकचून लागतात. बॅटरी रिकामी असेल किंवा काढून घरी ठेवली असेल तर हे ब्रेक लागणार नाहीत. मुक्काम प्लगवाल्या जागी असला तरी रस्त्यावर निघताना बॅटरी जागेवर आणि भरलेलीच हवी.

बॅटरी बदलताना एक सापळा आहे. मोटारीत काळी वायर म्हणजे ऋण, लाल म्हणजे धन, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ट्रेलर बनवणारे कारखाने घरगुती वायरिंगच्या सवयीने १२ व्होल्टच्या बाजूलाही बहुधा काळी वायर धन आणि पांढरी वायर ऋण अशी वापरतात. नवा मालक काळी वायर बिनदिक्कत ऋण खुंटीला लावतो आणि ठिणगी उडते. नशीब बरं असेल तर कन्व्हर्टरमधले उलट जोडणीपासून वाचवणारे फ्यूज जळून बाकीचं वाचतं. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी फोनवर फोटो काढा आणि धन वायरला लाल चिकटपट्टी गुंडाळा. दोन मिनिटांचं काम आहे.

हा कन्व्हर्टर म्हणजे दोन व्यवस्थांमधला पूल. बाहेरची केबल जोडलेली असली की तो १२० व्होल्टची एसी वीज घेऊन १२ व्होल्टची डीसी करतो, दिवे-पंप चालवतो आणि बॅटरीही भरतो. चांगला कन्व्हर्टर बॅटरी टप्प्याटप्प्याने भरतो: सुरुवातीला १४.४ व्होल्टच्या जोराने, मग १३.६ आणि भरल्यावर १३.२ वर नुसती राखण. स्वस्त किंवा जुना कन्व्हर्टर सतत एकाच व्होल्टेजवर ढकलत राहतो. त्याने बॅटरीचं पाणी उडतं. कन्व्हर्टर बहुधा ज्या पेटीत असतो तिच्या दाराआड एका बाजूला घरातल्यासारखे ब्रेकर, १२० साठी. आणि दुसऱ्या बाजूला मोटारीतल्यासारखे रंगीत चपटे फ्यूज, १२ साठी. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज वायरचं रक्षण करतो. मोठा घातला तर फ्यूज टिकतो आणि वायर तापते, तीही लाकडी चौकटीच्या आणि फोमच्या भिंतीत.

आता बाहेरच्या विजेकडे. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक जागेशेजारी एक खांब असतो आणि त्यावर दोन-तीन प्रकारचे सॉकेट. मध्यम आकाराच्या ट्रेलरची केबल ३० अँपिअरची असते, तीन पिनांची. ३० गुणिले १२० म्हणजे ३,६०० वॉट, हा तुमचा सगळा संसार. मोठ्या ट्रेलरची ५० अँपिअरची केबल चार पिनांची असते. ती फक्त दीडपट-पावणेदोनपट मोठी वाटते, पण तिच्यातून १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वायरी येतात, प्रत्येकीत ५० अँपिअर. एकूण १२,००० वॉट, म्हणजे तिपटीहून जास्त. म्हणूनच ३० वाल्याला सतत हिशेब करावा लागतो आणि ५० वाल्याला फारसा नाही.

तो हिशेब असा. छतावरचा एअर कंडिशनर १३ अँपिअरच्या आसपास ओढतो. पाणी तापवणाऱ्या टाकीचा विजेचा एलिमेंट १२ अँपिअर. झाले २५. बॅटरी रिकामी असेल तर कन्व्हर्टर गुपचूप सात-आठ अँपिअर घेत असतो, आणि हा आकडा लोक नेहमी विसरतात. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला, आणखी १३, की खांबावरचा ब्रेकर पडलाच. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं बरोबर इन्स्टंट पॉट घेऊन निघतात. सहा क्वार्टच्या पॉटला १,००० वॉट, म्हणजे सुमारे सव्वाआठ अँपिअर लागतात. इंडक्शन शेगडीला पूर्ण जोरावर १५. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तर तिथल्या १२० व्होल्टवर नीट फिरणारच नाही; ओल्या खोबऱ्याचं वाटण घरूनच करून, गोठवून न्यावं हे बरं.

माझ्या मते यावरचा साधा नियम असा: उष्णता गॅसवर, प्रकाश आणि हवा विजेवर. ज्या वस्तूला काहीतरी तापवायचं असतं ती वीज बेसुमार खाते. ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी असते, पाण्याची टाकी बहुधा गॅसवरही तापते. वरण-भाताचा कुकर गॅसवर चढवा, पाणी गॅसवर तापवा आणि ३० अँपिअर एअर कंडिशनरसाठी मोकळे ठेवा.

खांबाला केबल जोडताना एक क्रम हाताला बसवून घ्या. आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग आत नीट घट्ट, मग ब्रेकर चालू. काढतानाही आधी ब्रेकर बंद. चालू ब्रेकरवर भारासह प्लग खेचला की पिनांवर ठिणगी पडते, पिना काळवंडतात, काळवंडलेली पिन तापते आणि शेवटी प्लगच वितळतो. जोडल्यावर व्होल्टेज मोजा. १२० च्या आसपास हवं. जुलैच्या दुपारी, सगळ्या ट्रेलरचे एअर कंडिशनर एकदम चालू असताना, जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये ते पार खाली येतं. १०४-१०५ च्या खाली गेलं की एअर कंडिशनर बंद करावा, कारण कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसरची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. हे काम आपोआप करणारी संरक्षक पेटी मिळते. ती केवळ विजेचा उसळता झटका रोखणारी नसावी. कमी व्होल्टेजवर तोडणारी आणि चुकलेली वायरिंग ओळखणारी असावी. मी ती चैनीची वस्तू मानत नाही.

चुकलेली वायरिंग किती घातक ठरते ते अर्थिंगवरून कळेल. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, म्हणजे जमिनीपासून तुटलेला. खांबाची किंवा केबलची अर्थिंगची वायर तुटली असेल आणि आत एखाद्या उपकरणातून वीज धातूच्या अंगावर गळत असेल, तर ट्रेलरचा सगळा पत्रा जिवंत होतो. आतल्या माणसाला काही जाणवत नाही. पण पावसाळी जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातून ती वीज जमिनीत उतरते. दाराला हात लावताच नुसती झिणझिणी जरी आली तरी खांबावरचा ब्रेकर बंद करा, केबल काढा आणि दोष सापडेपर्यंत जोडू नका.

दुसरी ठरावीक दुर्घटना घरच्या अंगणात घडते. ट्रेलर घराशेजारी लावायचा म्हणून मालक इलेक्ट्रिशियनला ३० अँपिअरचा सॉकेट बसवायला सांगतो. तीन जाड पिना आणि ३० अँपिअर पाहून इलेक्ट्रिशियनला कपडे वाळवण्याच्या यंत्राचा सॉकेट आठवतो आणि तो २४० व्होल्ट जोडून जातो. ट्रेलरचा हा सॉकेट मात्र १२० व्होल्टचाच असतो. प्लग घालताच कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचं सर्किट एका क्षणात जळू शकतं. बसवून घेताना सॉकेटचं नाव, टीटी-३०, आणि १२० व्होल्ट हे दोन्ही लिहून द्या आणि ट्रेलर जोडण्यापूर्वी स्वतः मीटर लावून बघा.

कॅम्पग्राउंडमध्ये खांब असेलच असं धरून चालू नका. योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरसाठी विजेची जोडणी नाही. यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिज इथे मिळते. म्हणजे सर्वांत देखण्या जागी तुमची गाठ फक्त बॅटरीशी. अशा वेळी मायक्रोवेव्हसाठी इन्व्हर्टर बसवावा असं अनेकांना वाटतं. त्याचा आकडा पाहा. मायक्रोवेव्हला सॉकेटमधून १,५०० वॉट लागतात. १२० व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर. १२ व्होल्टवर १२५, आणि रूपांतरातली गळती धरून १४० च्या आसपास. दहा मिनिटांत २३ अँपिअर-तास. एवढा करंट ओढताना छोट्या बॅटरीचं व्होल्टेज इतकं कोसळतं की इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल बोटाएवढी जाड आणि हातभरापेक्षा फार लांब नसावी, मध्ये फ्यूज हवाच. लॅपटॉप आणि फोनसाठी तीनशे वॉटचा छोटा, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर पुरतो.

बॅटरी भरण्याचे मार्ग थोडक्यात. ओढणाऱ्या गाडीच्या सात पिनांच्या जोडणीतून थोडी वीज येते, पण वायर बारीक आणि लांब असल्याने प्रवासभर चालूनही ती बॅटरी क्वचितच भरते. १०० वॉटचं सोलर पॅनल उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी २५ ते ३० अँपिअर-तास देतं; पाइनच्या दाट सावलीत जवळजवळ काहीच नाही. दोन हजार वॉटचा छोटा जनरेटर कन्व्हर्टर उत्तम चालवतो, पण राष्ट्रीय उद्यानांत तो ठरावीक तासांतच लावू देतात.

आणि ट्रेलर उभा असतानाही बॅटरी झिजत असते. गॅसचा अलार्म, रेडिओचं घड्याळ, फ्रिजचं सर्किट मिळून अर्धा अँपिअर धरला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास होतात. ८० ची बॅटरी आठवड्याभरात संपते. संपलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. उत्तरेकडच्या हिवाळ्यात धोका आणखी मोठा: पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, रिकामी मात्र उणे दहाच्या आसपासच गोठून फुटते. हिवाळ्यात ती भरून, धन-ऋण वायरी सोडवून ठेवा.

पहिल्या मोठ्या सहलीआधी एक रात्र ट्रेलरमध्ये घराच्या अंगणातच काढा, केबल न जोडता. दिवे, पंप, हीटर, सगळं नेहमीसारखं वापरा. झोपताना बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा, सकाळी उठल्यावर हीटर बंद करून, थोडं थांबून पुन्हा मोजा. आकडा १२.२ च्या वर असेल तर निघा. खाली असेल तर आधी बॅटरी वाढवा, सोलर पॅनलचं नंतर पाहता येईल.